गोन्ताच्या डोक्याशी कोण

कितामी, शर्यतीचे तबेले
४ ऑक्टोबर १९९४

काझुदादा,

पत्राची सुरुवात हवामानाने करायची असते म्हणून करते. गार आहे. झालं.

दीड वर्षाने मी परत आले. तू पाठवलेली पत्रं मला मिळाली नाहीत, कारण मी प्रत्येक गावातून पत्राच्या एक पाऊल आधी निघत होते. हाकोदातेला माकुळं वाळत घातली, एहिमेला संत्री तोडली, मध्ये एका ट्रकवाल्याबरोबर नुसतीच फिरले. (तू कपाळाला आठी घालू नकोस, तो साठीचा होता आणि सबंध रस्ता बायकोच्या गुडघ्यांबद्दल बोलत होता.) एहिमेच्या संत्र्यांबद्दल तुला सांगायचं होतं, त्यांच्या साली वाळवून तिथली माणसं आंघोळीच्या पाण्यात टाकतात, आणि मग आख्खं गाव... जाऊ दे. मी रागात आहे, आणि रागात संत्री आठवली की राग उतरतो.

तर मी आले ती थेट तबेल्यात. बॅगसुद्धा खांद्यावरच होती. दुरूनच हाक मारली, "गोन्ता!" आणि बघते तर काय, माझा गोन्ता, तुझ्या बाबांच्या गोठ्यात त्याची आई मेल्यावर ज्याला मी बाटलीने दूध पाजलं तो गोन्ता, एका बाईच्या खांद्यावर हनुवटी टेकून उभ्याउभ्या झोपलेला! हजार किलोचा घोडा, आणि लाळ गाळत होता तिच्या पाठीवर. माझी हाक ऐकून त्याने डोकं असं उडवलं की वरच्या तुळईवर आपटलं. मग पाय आपटले, नाक फुरफुरलं, आणि त्या फुरफुरण्यात एक शिट्टी. ती बाई माझ्याकडे वळून म्हणाली, "हळू बोला. त्याला दमवू नका."

हळू बोला! माझ्या घोड्यापाशी, मला!

तिचं नाव कुनिए. तीस-बत्तीसची असेल, गोल, अबोल, उकडलेल्या बटाट्यासारखी. मी गेल्यावर तिला ठेवलं म्हणे. ट्रेनरबाबा म्हणाले, "तू आलीस हे बरं झालं, चिनामी. तीन नंबरच्या घोडीला माणूस हवंय." मी म्हटलं, "आणि गोन्ता?" तर म्हणे, "गोन्ताला माणूस आहे."

शिट्टीचं तुला माहीतच आहे. घशातला एका बाजूचा पडदा लुळा पडलाय, श्वास पुरत नाही. शर्यतीत लोखंडी स्लेज ओढत पहिला उंचवटा कसाबसा चढतो, दुसऱ्यावर गुडघे टेकतो. मालकाने ट्रेनरबाबांना सरळ सांगितलंय, ऑपरेशन करून बघा, नाहीतर हिवाळ्याआधी मांसाच्या गाडीत. म्हणून त्याला तुझ्या इस्पितळात आणणार आहेत.

गुंगी तूच देणार ना? मग ऐक. भूल चढेपर्यंत घोड्याच्या डोक्याशी जे माणूस उभं राहतं, ते मी. ती नाही. एवढं एकच मागते, परत काही मागणार नाही.

तुझी
चिनामी


उराकावा
११ ऑक्टोबर

चिनामी,

इथे समुद्राकडून वारा आहे आणि मला सर्दी आहे. पद्धत पाळली.

परत काही मागणार नाहीस हे तू सायकल मागताना म्हणाली होतीस, आणि पशुवैद्यक सहायकाच्या शाळेची फी मागताना पुन्हा. सायकल हरवलीस, शाळा सोडलीस. भुलीचा धडा यायच्या नेमका आधी सोडलीस, म्हणून तो आता मला शिकवावा लागतोय.

घोड्याला गुंगीचं औषध दिलं की त्याचं काळीज मंदावतं. नुसतं मंदावत नाही, मध्येच एखादा ठोका गाळतं. ठक्, ठक्, ठक्, आणि मग काहीच नाही. त्या रिकाम्या जागेत पहिल्या वर्षी मी स्वतः मेलो होतो असं समज. मग पुढचा ठोका येतो. निवांत घोड्याच्या बाबतीत हे चालतं, आपण हात मागे बांधून थांबायचं. अवजड घोड्यांना औषधही बेताचंच लागतं.

पण घोडा आधीच उसळलेला असेल, तर औषध त्याच्यावर चढतच नाही. पाय ताठ, डोळा टक्क. मग माझ्यासारखा डॉक्टर आणखी टोचतो. आणि उसळी ओसरली की सगळं औषध एकदम त्या काळजावर येऊन बसतं. ठोके वाढवायचं औषध आहे की, तू म्हणशील. आहे. ते आतडी झोपवतं. काळीज वाचवून पोटशुळाने घोडा घालवलेले डॉक्टर मी पाहिलेत.

म्हणून डोक्याशी कोण उभं राहणार हे मी लाडावर ठरवत नाही, मोजून ठरवतो. ट्रेनरबाबांकडे ठोके ऐकायची नळी आहे. डाव्या कोपराच्या मागे लावायची, एकदा तू जवळ असताना, एकदा कुनिए असताना. दोघींनी तेवढा वेळ नुसतं उभं राहायचं. त्याच्या जातीच्या घोड्याचे मिनिटाला तीस-पस्तीस यावेत. जिच्याजवळ कमी, ती डोक्याशी. दुसरी बाहेर बाकावर, चहा पीत.

आणि बाई तुला बटाट्यासारखी दिसते म्हणजे तिने तुझं काय बिघडवलं? दीड वर्ष घोडा जिवंत ठेवला तिने.

काझुहिसा


कितामी
२० ऑक्टोबर

काझुदादा,

आज पहिल्यांदा खिडकीच्या काचेवर बर्फाची नक्षी आली. मी नखाने त्यावर घोडा काढला, तो कुत्रा झाला.

तीन नंबरची घोडी चावते. तिला दात दाखवून हसायची सवय आहे, मला वाटलं लाडाने हसते, आणि बाही गेली. ट्रेनरबाबा म्हणाले, "आता ओळख झाली तुमची." इथे जेवणाला रोज बांगडा किंवा सान्मा मासा, भाजून, आणि किसलेला मुळा. कुनिए काटे इतके नीट काढते की ताटलीत माशाचा सांगाडा जिवंत वाटतो. जेवताना बोलत नाही. काम करताना गुणगुणते, तेही एकच सूर, चालू न होणाऱ्या मोटारीसारखा. मी विचारलं, "कुठलं गाणं?" तर म्हणाली, "गाणं नाही. त्याला कळतं की मी इथेच आहे." म्हटलं, "मी लहानपणी त्याला रेडिओ ऐकवायचे." म्हणाली, "हो, म्हणूनच त्याला रेडिओ लावला की झोप येत नाही."

बघितलंस? बटाटा नाही, बटाट्यात सुई.

तू सांगितलंस तसं मोजलं. ट्रेनरबाबांनी नळी लावली, डोळे मिटून ओठ हलवत मोजलं, आम्ही दोघी आळीपाळीने उभ्या राहिलो. त्यांनी आकडे मला सांगितले, "कळव तुझ्या दादाला" म्हणाले. तर कळवते. कुनिए जवळ असताना बावन्न. मी असताना बत्तीस.

झालं ना मग? तूच म्हणालास, मोजून ठरवतो. ट्रेनरबाबांना पुन्हा विचारत बसू नकोस, त्यांना पत्र लिहायचा कंटाळा आणि फोनवर त्यांना कमी ऐकू येतं. तुझ्या धड्यातलं रिकाम्या ठोक्याचं मला आवडलं. म्हणजे आवडलं असं नाही. विचार करत राहिले.

गाडी नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात निघेल. कुनिएही येणार आहे म्हणे. बाक आहे ना तुमच्याकडे?

चिनामी


उराकावा
९ नोव्हेंबर

चिनामी,

हवामान राहू दे.

तुला बाहेर काढल्यानंतर काय झालं हे तुला ठाऊक नाही, कारण तू थांबली नाहीस. चहा तसाच बाकावर होता. बस पकडलीस असं रखवालदाराने सांगितलं. म्हणून लिहितो. पाठ कर.

पहिलं औषध दिलं तेव्हा तू त्याच्या कानाशी बोलत होतीस. त्याचं डोकं खाली यायला हवं होतं. आलं नाही. कान तुझ्याकडे, नाकपुड्या फुगलेल्या, मी जबड्याखालच्या नाडीवर बोट ठेवलं तर साठीच्या पुढे. मला वाटलं खोली नवीन, वास नवीन. तू सांगितलेल्या बत्तिसावर माझा भरवसा होता, म्हणून दोष मी खोलीला दिला. आणखी टोचलं. तरी तो तुला ढुशा देतोय. तेव्हा मी म्हटलं, "बाहेर हो." तू म्हणालीस, "मी गेले तर तो घाबरेल." मी ओरडलो, तो माझा दोष, मी खोलीत ओरडायला नको होतं.

तू गेलीस, आणि दोन्ही वेळचं औषध एकदम चढलं. मान अशी खाली गेली की ओठ जमिनीला लागले. ठोके विसाच्या खाली. मग ती रिकामी जागा. मग ठोका. मग रिकामी जागा, आणि तिच्यामागे आणखी एक. हिरड्या दाबून बघितल्या, रंग परत यायला वेळ लागत होता. माझ्या हाताखालची मुलगी ठोके वाढवायची सुई भरून माझ्या तोंडासमोर धरून उभी होती. "देऊ?" मी म्हणालो, "थांब." तिने पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच म्हणालो. हजार किलोच्या घोड्याच्या थांबलेल्या आतड्यांचं काय करायचं हे मला माहीत नाही, आणि कुणालाच नाही. त्याला ऑपरेशनसाठी आडवं पाडलं नव्हतं एवढंच नशीब. शेवटी गुंगीचा उतारा दिला, थोडा, हळू. आणि तुझ्या त्या कुनिएने न विचारता दार उघडून आत येऊन त्याच्या मानेखाली खांदा दिला आणि तो मोटारीचा सूर लावला. ठोके अठ्ठावीसवर येऊन टिकले. ऑपरेशन रद्द.

मग मी ट्रेनरबाबांना विचारलं. फोनवर कमी ऐकू येतं त्यांना, समोर चांगलं ऐकू येतं. "बत्तीस कुनिए, बावन्न चिनामी," ते म्हणाले. "मी तिला तसंच सांगितलं होतं."

गाढवे, माझ्यावर रुसायचं होतं तर रुसायचं. आकडे उलटे लिहिलेस? घोडा मेला असता तर तुझ्या मत्सरावर मी सही केली असती.

मालकाने डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे, ट्रेनरबाबा त्याच्या दारात अडून बसले म्हणून. पुढच्या वेळी तू उराकावात नकोस. इस्पितळातच नाही, गावातसुद्धा.

काझुहिसा


शारी, साखर कारखान्याची वसाहत
२१ नोव्हेंबर

दादा,

इथे बीटची साखर करतात. सगळ्या गावाला उकडलेल्या मातीचा वास येतो, अंगाला गोड चिकटतं आणि तोंड कडू. मला बीट धुवायच्या पट्ट्यावर उभं केलंय. शेजारची म्हातारी म्हणते, "पोरी, तू बीटकडे असं बघतेस जणू त्याने तुझा नवरा पळवला." मी तिला म्हटलं, नवरा नाही, घोडा. ती एवढी हसली की तिचा बीट निसटला.

आकडे मी उलटे लिहिले. हो. लिहिताना हात थरथरला नाही, हेही लिहून ठेव.

तुला काय माहीत, त्या दिवशी नळी कानात घालून ट्रेनरबाबा "बत्तीस" म्हणाले तेव्हा ती बाई कशी उभी होती! अभिमान नाही, काही नाही, नुसती पापणी मिटून. आणि मग मी उभी राहिले आणि बावन्न. माझ्या हातून दूध प्यायलेल्या घोड्याचं काळीज माझ्याजवळ पळतं, दादा. तो मला भितो. मी त्याला टाकून गेले हे त्याने मनात धरलंय, आणि तिने ते दीड वर्ष गुणगुणून पक्कं केलंय. तिने फितवलं त्याला. तिचा खांदा, तिचा सूर, तिचा बत्तीस. मला रात्री तोच आकडा ऐकू येतो.

तू सांगू नकोस, मीच येत नाही. त्याला घाबरवायला कशाला येऊ.

चिनामी


ओबिहिरो, शर्यतीचे तबेले
२ डिसेंबर

चिनामी यांस,

थंडीचा कडाका वाढला आहे, आपली प्रकृती ठीक असावी. आम्ही कितामीहून इथे मुक्काम हलवला. घोडे गाडीत नीट राहिले. तीन नंबरच्या घोडीने नव्या माणसाचीही बाही फाडली.

आपला पत्ता डॉक्टरांकडून घेतला. मला पत्रं लिहायची सवय नाही. सरळ लिहिते, उद्धट वाटलं तर माफ करा.

डॉक्टर म्हणाले, आपल्याला वाटतं की गोन्ता आपल्याला भितो. तसं नाही. भ्यालेल्या घोड्याचे कान मागे जातात, शेपूट आत जाते, मानेला घाम फुटतो आणि तो मागे सरकतो. गोन्ता आपण आलात की पुढे येतो. आपण कितामीत असताना मी पाहिलंय. सकाळी आपली लाकडी चप्पल अंगणाच्या टोकाला वाजली की त्याचे कान वर. मग तो हाक मारतो, त्या बिचाऱ्या घशातून शिट्टी निघते तरी मारतो. आपण तीन नंबरकडे गेलात की वैरण खायचा थांबतो. मी तेव्हा कितीदा तरी त्याच्या कोपराखाली हात ठेवला आहे. धावत असतं. भीतीने नाही.

माझ्याजवळ तो झोपतो. भिंतीजवळ झोपावं तसा. मी रोज येते, रोज तेच करते, म्हणून मी आहे हे त्याच्या लक्षातही नसतं. सगळे म्हणतात, कुनिएचा हात शांत आहे. डॉक्टरही त्या दिवशी म्हणाले. मी मान लववली. पण आपल्याला म्हणून सांगते, ट्रेनरबाबा "बावन्न" म्हणाले तेव्हा मी पापणी मिटली कारण मला बघवेना. दीड वर्ष मी त्याचे खूर धुतले, आजारपणात त्याच्या पायाशी झोपले. माझ्यासाठी त्याचा एकही ठोका कधी वाढला नाही. आपण दीड वर्षाने बॅग घेऊन आलात, एक हाक मारलीत, आणि त्याने तुळईवर डोकं आपटलं.

माझं वय चौतीस आहे. मला पाहून कुणीच कधी डोकं आपटून घेतलेलं नाही.

ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे. डॉक्टर म्हणतात, आनंदाने धावणारं काळीज आणि भीतीने धावणारं, गुंगीच्या औषधाला दोन्ही सारखीच. म्हणून आपण येऊ नये. हे मी माझ्यासाठी लिहीत नाही. थोडं लिहीत असेन.

कुनिए


उराकावा
१३ डिसेंबर

चिनामी,

बर्फ गुडघाभर, सर्दी गेली.

झालं. गोन्ता जिवंत आहे आणि उभा आहे. आधी हे वाचून घे, मग बाकीचं.

कुनिए डोक्याशी होती. आम्ही खोलीतले दिवे मंद केले, कुणी बोललं नाही, आणि औषधाआधी त्याला नुसतं उभं राहू दिलं, हे गेल्या वेळी मी करायला हवं होतं. ठोके एकतीस. औषध मागच्या वेळच्या पहिल्या डोसपेक्षाही कमी दिलं. डोकं हळूहळू खाली आलं, ठोके पंचवीस, मधूनमधून एक गाळून. आत हात शिवशिवत होते, पण मी काही केलं नाही. कुनिए मला म्हणाली, "थांबला का?" मी म्हटलं, "नाही, विचार करतोय." ती हसली. तिला हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

पाडल्यावर, गॅसवर, ठोके सुरेख पस्तीस. आणि तरी रक्ताचा दाब उतरत होता. घोडा असाच फसवतो, भूल हलकी होवो की जड, ठोके तेच ठेवतो. ठोक्यांवर विसंबून बसलो असतो, तर एवढं वजन ज्या अंगावर पडलंय तिथल्या मांसाला रक्त पोचलं नसतं, आणि उठताना मागचा पाय आलाच नसता. गॅस कमी केला, दाब चढवायचं औषध थेंबाथेंबाने सोडलं, ठोके पळायला लागले की थेंब आवरला. असं दोरीवरून चालल्यासारखं, शेवटपर्यंत. सर्जनने तो लुळा पडदा दोऱ्याने ओढून बांधला.

भूल उतरेपर्यंत त्याला गाद्या लावलेल्या खोलीत एकटं ठेवलं. पहिल्या प्रयत्नात बसला, थोडा वेळ विचार केला, दुसऱ्यात उठला. पाय चारही ठीक. मग हाक मारली. शिट्टी नाही! आवाज मात्र बसका झालाय, सर्दी झालेल्या स्टेशनमास्तरसारखा.

आता त्याने निवांत राहायला हवं. जोरात श्वास घेतला, धावला, उसळला, तर तो दोरा मांसातून सुटेल आणि मग पुन्हा बांधायला जागा नाही. महिनाभर तू जाऊ नकोस. महिन्यानंतर मी तपासतो, मग बघू.

तुझ्यावरचा राग अर्धा उतरला आहे. उरलेला नव्या वर्षात.

काझुहिसा


ओबिहिरो
१८ डिसेंबर

चिनामी यांस,

गोन्ता काल तबेल्यात परत आला. खातो आहे. आम्ही त्याच्या खणाला पडदा लावला आहे, म्हणजे बाहेरचं दिसू नये.

एक सांगायचं राहिलं. इस्पितळात तो उठून उभा राहिला तेव्हा मी बारीक खिडकीतून बघत होते. त्याने मला पाहिलं. मग मान वळवून दाराकडे बघत राहिला, बराच वेळ, आणि मग ती हाक मारली. डॉक्टरांना वाटलं भुकेने मारली. दाराबाहेर कुणी नव्हतं. मी बाहेरचं दारही लावून घेतलं, वाऱ्यासाठी.

त्याला निवांत ठेवणं फार जरुरीचं आहे. आपण बर्फ वितळेपर्यंत येऊ नये अशी विनंती आहे.

कुनिए


शारी
२७ डिसेंबर

कुनिएताई,

इथे खूप बर्फ पडलं. कारखान्याच्या धुराड्यापुढे ते खाली येता येता करडं होतं, म्हणून गाव साखरेचं असून दिसतं राखेचं. वर्ष संपत आलं म्हणून काल आम्ही मोचीचा चिकट भात कुटला, मी मुसळ धरलं आणि माझ्या पट्ट्यावरची बीटवाली म्हातारी गोळा उलटत होती. तिचा हात आणि माझं मुसळ यांच्यात केसाएवढं अंतर. ती म्हणते, भरवसा नाही ठेवला तर बोटं जातात, ठेवला तरी कधीकधी जातात. तिला खरंच एक बोट कमी आहे. मी विचारलं नाही कुणाच्या मुसळाने.

तुमची दोन्ही पत्रं मी उशीखाली ठेवत नाही, खिशात ठेवते, म्हणजे रागात चुरगळता येतात. पहिलं चुरगळून मऊ झालंय. ते वाचून मी पट्ट्यावर उभी राहून रडले आणि सगळ्यांना सांगितलं की थंडीने. दुसरं वाचून आधी मी दादाचं पत्र काढलं आणि दोन्ही शेजारी ठेवली. दादा म्हणतो, महिनाभर. तुम्ही म्हणता, बर्फ वितळेपर्यंत. ओबिहिरोत बर्फ कधी वितळतं हे मला माहीत आहे, ताई. मी तिथलीच आहे.

म्हणजे तुम्ही मला जास्तीचे दिवस लांब ठेवताय. किंवा तुम्ही रोज त्याच्याजवळ असता, आणि दादाला जे नळीतून ऐकू येत नाही ते तुम्हाला हाताला कळतं, आणि खरंच तेवढे दिवस लागतील. यातलं कुठलं, हे मला सांगता येत नाही. त्याच म्हातारीला दोन्ही पत्रं वाचून दाखवली. ती म्हणाली, "ती खोटं बोलतेय." मग चहा प्यायली आणि म्हणाली, "किंवा नसेल."

काल दुपारी मी बॅग भरली. ओबिहिरोची गाडी होती. स्टेशनात तिकिटाच्या खिडकीपर्यंत गेले, माझ्या पुढे एकच माणूस होता. मी आजपर्यंत अशा रांगेतून कधी मागे फिरलेले नाही. जायचं मनात आलं की जाते, तेवढी एकच गोष्ट मला नीट येते. तो माणूस तिकीट घेऊन बाजूला झाला. आतल्या बाईने विचारलं, "कुठलं?" आणि मला गोन्ता दिसला, पडद्यामागे, कान वर करून. मी अंगणात पाऊल टाकते, तो ऐकतो, ते बावन्न, ते साठ, आणि आत कुठेतरी दादाच्या सर्जनने बांधलेली गाठ. मी म्हटलं, "कुठलंच नाही." ती म्हणाली, "मग रांगेत कशाला?" मागच्या लोकांना हसायला झालं.

तुम्ही मला फसवत असाल, तरी मी येत नाही. बर्फ वितळेपर्यंत नाही. हे तुमच्यासाठी नाही, तुम्ही पडदा थोडा लवकर काढलात तर मला आवडेल. आणि ट्रेनरबाबांना सांगा, वसंतात मी तीन नंबरची घोडी परत घेईन, बाह्या माझ्या मी आणीन. गोन्ता तुमच्याकडेच राहू दे. मी फक्त सकाळी अंगणातून जाईन.

तोवर एक करा. रोज नको, आठवड्यातून एकदा. तुम्ही एकट्याच असताना त्याच्या डाव्या कोपराच्या मागे कान लावा, मोजा, आणि मला लिहा. मग त्याच्या कानात माझं नाव घ्या, मोठ्याने नको, तुमच्या त्या मोटारीच्या सुरात, आणि पुन्हा मोजा. दोन्ही आकडे लिहा. खरे लिहा, मी लिहिले तसे नकोत. फरक पडला नाही असं लिहिलंत तर मी जळेन. पडला असं लिहिलंत तर तुम्ही जळत लिहिलं असेल, हे मला कळेल.

चिनामी